बायोस अद्ययावत होताना मध्येच अडकले आणि लॅपटॉप सुरूच होत नाही : मदरबोर्ड बदलण्याखेरीज काही मार्ग आहे का?

प्रश्न

नमस्कार. माझ्या लॅपटॉपचे बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम, अद्ययावत होत असताना ती प्रक्रिया मध्येच थांबली आणि तेव्हापासून लॅपटॉप सुरू होत नाही. विंडोजमधल्या निर्मात्याच्याच प्रोग्रॅमने नवी आवृत्ती आल्याचे सांगितले आणि मी संमती दिली. चार्जर जोडलेला होता, बॅटरीही पूर्ण भरलेली होती. लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू झाला, काळ्या पडद्यावरची प्रगतीची पट्टी साधारण निम्म्यापर्यंत सरकली आणि तिथेच अडकली. मी काहीही न करता बराच वेळ वाट पाहिली, परंतु शेवटी पडदा आपोआप बंद झाला.

आता पॉवरचे बटण दाबले की त्याचा दिवा लागतो आणि पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो, मात्र पडद्यावर निर्मात्याचे बोधचिन्हसुद्धा उमटत नाही. काही वेळाने यंत्र स्वतःहून बंद होते आणि पुन्हा तसेच सुरू होते. इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एम.२ प्रकारची एसएसडी आणि विंडोज ११ अशी रचना आहे. वॉरंटी संपलेली आहे.

दुरुस्ती केंद्रात दूरध्वनी केला तेव्हा, मदरबोर्ड बदलावा लागेल आणि एसएसडीवरच्या माहितीची हमी देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. याच लॅपटॉपवर माझ्या प्रबंधाचे काम आहे. जुन्या प्रकरणांच्या प्रती अन्यत्र आहेत, परंतु अलीकडचे लेखन केवळ त्या एसएसडीवरच आहे. म्हणून विचारते की मदरबोर्ड खरोखरच निकामी झाला असेल का, नसेल तर घरी कुठपर्यंत प्रयत्न करावा आणि कोणत्या टप्प्यावर हात आखडता घ्यावा?

उत्तर १

आधी तुमची सर्वांत मोठी चिंता घेतो. बायोस मदरबोर्डवरच्या एका स्वतंत्र, लहानशा चिपमध्ये असते आणि तुमचा प्रबंध एसएसडीवर आहे. अद्ययावतीकरण अर्धवट राहिल्यामुळे त्या चिपमधला मजकूर बिघडला असेल, पण एसएसडीवरच्या तुमच्या कामाला त्याने धक्का लागण्याचे कारण नाही. शिवाय यंत्र न उघडता, नुसते दूरध्वनीवर ऐकून मदरबोर्ड बदलण्याचा निष्कर्ष काढणे मला अजिबात पटत नाही. मदरबोर्डचे सगळे भाग शाबूत असतानाही, केवळ त्या चिपमधल्या चुकीच्या मजकुरामुळे यंत्र अगदी असेच वागू शकते.

तरीही बायोसच बिघडले आहे, हे गृहीत धरण्याआधी ते तपासून घ्यावे. बायोस बदलल्यावर रॅमची जुळणी नव्याने करावी लागते. डीडीआर५ रॅम असलेल्या यंत्रांत या कामाला काही मिनिटे लागू शकतात आणि तेवढा वेळ पडदा पूर्ण काळा राहतो. काही लॅपटॉपांत याच वेळी कळफलक, पंखा आणि बॅटरी सांभाळणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलरचेही फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम) बदलले जाते, त्यामुळे पंखा पूर्ण वेगाने फिरतो आणि यंत्र एकदोनदा स्वतःहून बंद-चालू होते. घाबरून याच अवस्थेत बटण दाबून धरल्यामुळे चांगले चाललेले काम बिघडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तुम्ही वाट पाहिली, ते योग्यच केले.

आता पुढची तपासणी. लॅपटॉप सुरू करून कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा प्रत्येक दाबाबरोबर लागत-विझत असेल, तर यंत्र सुरुवातीच्या तपासणीतून बरेच पुढे गेलेले आहे आणि दोष कदाचित केवळ पडद्याचा आहे. अशा वेळी बाहेरचा मॉनिटर जोडून पाहावा. दिवा प्रतिसादच देत नसेल, तर बायोस सुरुवातीलाच अडकते आहे, असे समजावे. चार्जर व बाहेरची सर्व साधने काढून, शक्य असल्यास खालचे झाकण उघडून बॅटरीची जोडणीही सोडवून, पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून ठेवावे आणि नंतर केवळ चार्जर जोडून सुरू करून पाहावे. याने एम्बेडेड कंट्रोलर अडकला असेल तर तो मोकळा होतो.

मदरबोर्डवर सीआर२०३२ सारखा नाण्याच्या आकाराचा सेल असेल, तर तोही याच वेळी काही मिनिटे काढून ठेवता येतो. मात्र सेल काढला की बिघडलेले बायोस दुरुस्त होते, असा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. सेल काढल्याने घड्याळ आणि काही सेटिंग पूर्ववत होतात. फ्लॅश चिपमधला मजकूर विजेशिवायही जसाच्या तसा टिकतो, त्यामुळे तो बिघडलेला असेल तर बिघडलेलाच राहतो.

यंत्राचे दिवे ठरावीक क्रमाने लुकलुकत असतील, तर ते नीट मोजून निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावेत. उदाहरणार्थ, डेलच्या अनेक लॅपटॉपांत बॅटरीचा दिवा आधी पिवळसर आणि मग पांढरा लुकलुकतो. २ पिवळसर आणि २ पांढरे म्हणजे बायोसमध्ये दोष, ३ आणि ३ म्हणजे रिकव्हरीची प्रत सापडली नाही, तर ३ आणि ४ म्हणजे प्रत सापडली पण ती ग्राह्य नाही. एचपीच्या यंत्रांत हेच काम कॅप्स लॉक किंवा पॉवरच्या दिव्याकडून होते. तासन्तास अंदाज बांधण्यापेक्षा हे संकेत वाचणे कितीतरी उपयोगाचे आहे.

उत्तर २

वरील तपासणीनंतरही पडदा काळाच राहिला, तर यंत्र उघडण्याआधी बायोसच्या अंगभूत रिकव्हरीचा मार्ग पूर्णपणे वापरून पाहावा. बहुतेक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये अगदी सुरुवातीला चालणारा एक लहान भाग असतो आणि अद्ययावतीकरणात तो शक्यतो सर्वांत शेवटी बदलला जातो किंवा बदललाच जात नाही. बाकीचा भाग बिघडला तरी हा भाग शाबूत असेल, तर तो पेनड्राइव्हवरून बायोसची चांगली प्रत वाचून स्वतःच चिपमध्ये लिहू शकतो. पडद्यावर काही दिसत नसले तरी हे काम आतल्या आत चालू शकते, म्हणून ‘काहीच होत नाही’ असे लगेच ठरवू नये.

तुम्ही निर्मात्याचे नाव लिहिलेले नाही, म्हणून मला खात्रीने माहीत असलेल्या पद्धती एकत्र सांगतो. एचपीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि बी या कळा दाबून धरून (काही मॉडेलांत बीऐवजी व्ही) पॉवरचे बटण दोन-तीन सेकंद दाबावे, मग बटण सोडावे, पण कळा मात्र रिकव्हरीचा पडदा दिसेपर्यंत किंवा आवाज येईपर्यंत सोडू नयेत. त्यांच्या व्यावसायिक मालिकांमधील बऱ्याच यंत्रांत शुअर स्टार्ट नावाची सोय असते, ती राखीव प्रतीवरून बायोस आपोआप पूर्ववत करते. डिसेंबर २०१५ नंतरच्या बहुतेक डेल लॅपटॉपांत चार्जर काढून, कंट्रोल आणि एस्केप या कळा धरून ठेवून चार्जर जोडायचा आणि रिकव्हरीचा पडदा आला की कळा सोडायच्या. त्यासाठी पेनड्राइव्हवरच्या फाइलचे नाव रोमन लिपीत ‘बायोस_आयएमजी’ आणि विस्तारनाम ‘आरसीव्ही’ असेच असावे लागते. एएमआय कंपनीच्या फर्मवेअरवर चालणाऱ्या अनेक यंत्रांत कंट्रोल आणि होम, तर इनसाइडच्या फर्मवेअरवर चालणाऱ्या काही यंत्रांत एफएन आणि एस्केप ही जोडी चालते. लेनोव्होच्या काही मॉडेलांत एफएन बरोबर आर किंवा बी दाबावी लागते. एकाच निर्मात्याच्या दोन मॉडेलांतही फरक असतो, म्हणून तुमच्या नेमक्या मॉडेलच्या पुस्तिकेतला मजकूर माझ्या सांगण्यापेक्षा प्रमाण मानावा.

पेनड्राइव्हची तयारी बहुतेक लोक घाईत उरकतात आणि मग रिकव्हरी चालत नाही म्हणून यंत्राला दोष देतात. पेनड्राइव्ह लहान क्षमतेचा घ्यावा, तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करावा आणि त्यावर दुसरे काहीही ठेवू नये. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेतलेली फाइल बहुधा विंडोजमध्ये चालणारा प्रोग्रॅम असते, ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग होत नाही. काही निर्मात्यांच्या प्रोग्रॅममध्ये रिकव्हरीचा पेनड्राइव्ह तयार करण्याचा पर्याय असतो, तोच निवडावा. जिथे तो नसेल तिथे त्या प्रोग्रॅममधून मूळ फाइल बाहेर काढून तिला मॉडेलप्रमाणे ठरलेले नाव द्यावे लागते आणि त्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी यंत्र तिच्याकडे दुर्लक्ष करते. पेनड्राइव्ह हबमधून न जोडता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावावा, आणि एका पोर्टमध्ये प्रतिसाद मिळाला नाही तर दुसऱ्यात लावून पाहावे. ज्या पेनड्राइव्हला दिवा आहे असाच शक्यतो घ्यावा, कारण पडदा काळा असताना यंत्र फाइल वाचत आहे की नाही हे समजण्याचे तेवढे एकच साधन आपल्याजवळ उरते.

फाइल त्याच आवृत्तीची घ्यावी, जी बसवताना अडचण आली. अनेक यंत्रे मागची आवृत्ती स्वीकारत नाहीत, म्हणून जुन्या फाइलने सुरुवात करू नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व केले. कॅप्स लॉकचा दिवा दाबाला प्रतिसाद देत नाही आणि बाहेरच्या मॉनिटरवरही काही येत नाही. दिव्यांचा जो क्रम दिसतो, त्याचा अर्थ निर्मात्याच्या पुस्तिकेत बायोसचा दोष असाच दिलेला आहे. रिकव्हरीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर तयार केला आणि माझ्या मॉडेलसाठी असलेल्या कळा वापरल्या. पेनड्राइव्हचा दिवा काही क्षण लुकलुकतो, मग थांबतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यासारखे बंद-चालू होऊ लागते. पोर्ट बदलून आणि दुसरा पेनड्राइव्ह घेऊनही तेच घडले.

खालचे झाकण उघडले तेव्हा आठ पायांची एक लहान चिप दिसली, तिच्यावरच्या अक्षरांमध्ये २५क्यू२५६ असे वाचता येते. एसएसडी सुटी आहे, स्क्रूने बसवलेली आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने ही चिप पुन्हा लिहिता येते, असे वाचनात आले. ते काम मी करावे का, आणि त्याआधी प्रबंधाची व्यवस्था कशी लावावी, हे कृपया सांगावे.

उत्तर ३

एसएसडी सुटी आहे, म्हणजे प्रबंधासाठी मदरबोर्डच्या दुरुस्तीची वाट पाहण्याची गरजच नाही. बॅटरीची जोडणी सोडवून एसएसडी काढावी आणि एम.२ एसएसडीसाठी मिळणाऱ्या यूएसबी पेटीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडावी. एनव्हीएमई आणि साटा अशा दोन प्रकारच्या एम.२ एसएसडी असतात आणि दोन्हींसाठी पेट्या वेगळ्या असू शकतात, म्हणून आधी तिच्यावरचे लेबल वाचावे.

एका गोष्टीची मात्र तयारी ठेवावी. मायक्रोसॉफ्टचे खाते वापरून सुरू केलेल्या विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत डिस्क एन्क्रिप्शन (कीशिवाय वाचता येऊ नये म्हणून माहिती सांकेतिक रूपात ठेवणे) आपोआप चालू झालेले असते आणि वापरणाऱ्याला ते माहीतही नसते. तसे असेल, तर दुसरा संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ही की बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, म्हणून दुसऱ्या यंत्रावरून खात्यात प्रवेश करून ती शोधावी. खात्यात एकापेक्षा अधिक रिकव्हरी की असतील, तर पडद्यावर दिसणारी ओळख आणि खात्यातल्या कीची ओळख पडताळून योग्य ती निवडावी. की मिळाली की ती कागदावर लिहून ठेवावी, कारण लॅपटॉप दुरुस्त झाल्यावरही ती लागण्याची पुष्कळ शक्यता आहे. आणि जोडलेली डिस्क ‘फॉरमॅट करायची का’ असे विंडोजने विचारले, तर कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नये. एन्क्रिप्ट केलेली किंवा वाचता न येणारी डिस्क दिसली की विंडोज असे विचारते, त्याचा अर्थ माहिती गेली असा होत नाही.

प्रबंधाची प्रत हातात आल्याशिवाय चिपला कोणीही हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर ४

मी मदरबोर्डच्या दुरुस्तीचेच काम करतो, म्हणून चिपविषयी सविस्तर लिहितो. वरच्या उत्तरातला क्रम अगदी योग्य आहे, आधी एसएसडी, मग चिप.

फ्लॅश चिपमधल्या जुन्या मजकुरावर सरळ नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी तो भाग, सामान्यतः ४ किंवा ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत, पुसावा लागतो. पुसल्यावर तिथला प्रत्येक बाइट एफएफ, म्हणजे कोरा, होतो आणि त्यानंतरच नवे बाइट लिहिले जातात. तुमचे अद्ययावतीकरण निम्म्यावर थांबले, म्हणजे चिपमध्ये काही भाग नवा, काही जुना आणि मधला एखादा पट्टा केवळ एफएफने भरलेला, अशी स्थिती असण्याची शक्यता मोठी आहे. प्रोसेसर सुरू होताना आपली पहिली आज्ञा ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडून घेतो आणि बायोसचा शेवटचा भाग त्या जागी येईल अशी रचना असते. तुमचा पेनड्राइव्ह लुकलुकतो याचा अर्थ तो शेवटचा भाग चालतो आहे, रिकव्हरीला लागणारा पुढचा एखादा भाग मात्र तुटलेला आहे. ही बाब मला आशादायक वाटते, कारण मदरबोर्ड निकामी असता तर पेनड्राइव्ह वाचण्यापर्यंतही मजल गेली नसती.

२५क्यू२५६ म्हणजे २५६ मेगाबिटची, अर्थात ३२ मेगाबाइटची चिप. या चिपमध्ये केवळ बायोस नसते. इंटेलच्या यंत्रात सुरुवातीला एक वर्णनाचा भाग असतो, तो चिपचे विभाग कुठून कुठपर्यंत आहेत हे सांगतो. त्यानंतर मॅनेजमेंट इंजिनचा (मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्रपणे चालणाऱ्या इंटेलच्या लहान नियंत्रकाचा) विभाग असतो, काही यंत्रांत नेटवर्कचा लहान विभाग असतो आणि मग बायोसचा. बायोसच्याच विभागात एक जागा अशी असते, जिथे तुमच्या यंत्राचा अनुक्रमांक, त्याची एकमेव ओळख आणि विंडोजची प्रॉडक्ट की अशा, त्या एकाच यंत्रापुरत्या गोष्टी नोंदलेल्या असतात. त्या कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाहीत. म्हणून चिपमध्ये आज जे काही आहे, बिघडलेले का असेना, ते पूर्णपणे वाचून दोन ठिकाणी जपून ठेवल्याशिवाय तिच्यात एक बाइटही लिहू नये. घाईघाईने कोरी करून इंटरनेटवरून मिळालेला दुसऱ्या कोणाचा डंप (चिपमधून वाचून काढलेली संपूर्ण प्रत) लिहिलेली यंत्रे आमच्याकडे येतात, तेव्हा मूळ बिघाडापेक्षा ती घाईच निस्तरणे अधिक कठीण असते. असे यंत्र कधी सुरू होते, परंतु त्याचा अनुक्रमांक दुसऱ्याच्या लॅपटॉपचा असतो. मॅनेजमेंट इंजिनचा विभाग बिघडला असेल, तर काही यंत्रे सुरू झाल्यावर ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतात.

आता प्रत्यक्ष काम. आठ पायांच्या चिपला पकडणारी क्लिप आणि सीएच३४१ए हा प्रोग्रॅमर बहुतेकांच्या हाती असतो आणि त्यातच एक मोठा धोका आहे. या प्रोग्रॅमरच्या सर्रास मिळणाऱ्या काळ्या बोर्डावर, चिपला ३.३ व्होल्ट मिळत असले तरी माहितीच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. शिवाय अनेक लॅपटॉपांतली चिप १.८ व्होल्टची असते, तिला ३.३ व्होल्टसुद्धा जास्त होतात. व्होल्टेज ओळखण्यासाठी नावाची शेवटची अक्षरे पाहावी लागतात. विनबाँडच्या चिपांत एफव्ही किंवा जेव्ही ही अक्षरे ३.३ व्होल्टची आणि एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू ही १.८ व्होल्टची. मॅक्रॉनिक्सच्या नावात २५एल असेल तर ३.३ आणि २५यू असेल तर १.८. तुम्ही दिलेल्या नावात ही अक्षरे नाहीत, म्हणून व्होल्टेज कोणते ते आज सांगता येणार नाही. भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने पूर्ण नाव वाचावे आणि चिपच्या माहितीपत्रकातून खात्री करून घ्यावी. अंदाजाने जोडणी करू नये.

क्लिप लावण्याआधी चार्जर, बॅटरी आणि नाण्याचा सेल हे तिन्ही सुटे असलेच पाहिजेत. चिपच्या एका कोपऱ्यावरचा ठिपका पहिला पाय दाखवतो आणि क्लिपची लाल तार त्या बाजूला यावी लागते. चिप मदरबोर्डवर असतानाच वाचायची असल्यामुळे प्रोग्रॅमरची वीज आसपासच्या भागांतही झिरपते आणि वाचन चुकू शकते. त्यासाठी लिनक्सवर फ्लॅशरॉम किंवा तशाच एखाद्या प्रोग्रॅमने निदान दोन वेळा, क्लिप काढून पुन्हा लावून, संपूर्ण चिप वाचावी आणि दोन्ही फाइलींचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहावेत. ते जुळले नाहीत तर लिहिण्याचा विचारही करू नये. जुळले तरी फाइल हेक्स एडिटरमध्ये (प्रत्येक बाइट जसाच्या तसा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून पाहावी. सगळीकडे एफएफ किंवा शून्यच असेल, तर ते वाचन नव्हेच, जोडणीचा दोष आहे. इंटेलच्या यंत्राच्या डंपमध्ये सुरुवातीचे १६ बाइट सोडून लगेच ५ए, ए५, एफ०, ०एफ हे चार बाइट दिसावे लागतात, ती वर्णनाच्या भागाची खूण आहे. चिपची ओळखच पटत नसेल, तर चिप गरम हवेने उतरवून वेगळी वाचावी लागते. तेवढे काम मात्र सरावाच्या हातानेच व्हावे.

पुढचा टप्पा सर्वांत नाजूक आहे. निर्मात्याच्या संकेतस्थळावरची फाइल चिपच्या प्रतिमेसारखी नसते. तिच्यात बहुधा बायोसचा विभागच असतो, वर त्याभोवती स्वाक्षरीचे आणि अद्ययावतीकरणाचे वेष्टण असते. तीच फाइल चिपच्या सुरुवातीपासून लिहिली, तर वर्णनाचा भागही नाहीसा होतो आणि यंत्राची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट होते. योग्य पद्धत अशी की यूईएफआयटूलसारख्या साधनाने निर्मात्याच्या फाइलीतले बायोसचे कोड असलेले खंड वेगळे काढावेत, आपल्या जपून ठेवलेल्या डंपच्या एका प्रतीत ते त्यांच्याच जागी बसवावेत आणि वर्णनाचा भाग, मॅनेजमेंट इंजिन व यंत्राच्या ओळखीच्या नोंदी जुन्या डंपमधल्याच ठेवाव्यात. मॅनेजमेंट इंजिनचा विभाग शाबूत असेल, तर तो उगाच बदलू नये, कारण प्रोसेसरच्या संचातला टीपीएम (डिस्क एन्क्रिप्शनची गुपिते जपणारी सोय) वापरणाऱ्या यंत्रांत त्याची माहिती तिथेच जपलेली असते आणि ती गेली की डिस्क उघडायला रिकव्हरी कीखेरीज पर्याय राहत नाही.

कोडच्या खंडांत स्वतः काही बदल करण्याचा मोह टाळावा. इंटेलने चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून, बूट गार्ड नावाची सोय आणली आहे. निर्मात्याने ती चालू केलेली असेल, तर सुरुवातीच्या कोडवरची स्वाक्षरी यंत्रात कायमच्या कोरलेल्या खुणेशी ताडली जाते आणि एका बाइटचा फरक असला तरी यंत्र सुरू होत नाही. त्यामुळे निर्मात्याचे कोड जसेच्या तसे ठेवणे एवढाच मार्ग खात्रीचा आहे.

आता तुम्ही हे करावे का? वाचन करायला हरकत नाही, पण तेही व्होल्टेजची पूर्ण खात्री झाल्यावरच. प्रतिमा जुळवून लिहिण्याचे काम, विशेषतः वापरातल्या एकुलत्या एक यंत्रावर पहिल्यांदाच करणे, मी सुचवणार नाही. चिप स्तरावर काम करणारा तंत्रज्ञ शोधावा आणि त्याला तीन गोष्टी आधीच विचाराव्यात. तो मूळ डंप जपून ठेवून तुम्हालाही देणार का, अनुक्रमांक आणि मॅनेजमेंट इंजिनचा विभाग तुमच्याच यंत्राचा ठेवणार का, आणि लिहिल्यावर चिप पुन्हा वाचून पडताळणार का. या प्रश्नांना जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे यंत्र सोपवू नये. एसएसडी मात्र घरीच ठेवून यंत्र न्यावे, बायोस चालते की नाही हे तपासायला तिची गरज नसते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

प्रबंध मिळाला. एसएसडी पेटीत घालून जोडल्यावर खरोखरच ४८ अंकी की विचारली गेली आणि ती माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली. एन्क्रिप्शन चालू आहे, याची मला कल्पनाच नव्हती. सर्व फाइलींच्या दोन ठिकाणी प्रती केल्या आणि मगच पुढे पाऊल टाकले.

चिपवरचे पूर्ण नाव मोबाइलने टिपले तेव्हा शेवटची अक्षरे जेडब्ल्यू असल्याचे दिसले, म्हणजे ती १.८ व्होल्टची निघाली. ते कळल्यावर घरी वाचन करण्याचा विचार सोडून दिला आणि चिप स्तरावर काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाकडे यंत्र नेले. तुमचे तिन्ही प्रश्न विचारले, त्यांनी न कचरता होकार दिला आणि काम करताना समोर बसू दिले. वाचलेल्या डंपमध्ये बायोसच्या विभागाच्या मधोमध एफएफने भरलेला एक मोठा पट्टा होता, पण मॅनेजमेंट इंजिन आणि यंत्राच्या ओळखीच्या नोंदी शाबूत होत्या. निर्मात्याच्या फाइलीतले खंड बसवून चिप लिहिली आणि पडताळली. पहिल्यांदा सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहिला, नंतर बोधचिन्ह आले. अनुक्रमांक माझाच आहे. घरी येऊन एसएसडी बसवली, तेव्हा रिकव्हरी की पुन्हा एकदा विचारली गेली आणि ती दिल्यावर विंडोज नेहमीसारखे सुरू झाले. मदरबोर्ड तोच आहे. मूळ डंपची प्रतही त्यांनी मला दिली आहे.

एकच शंका उरते. अद्ययावतीकरणाचा प्रोग्रॅम आता तीच आवृत्ती पुन्हा बसवण्यास सुचवतो आहे. ते करावे की यापुढे बायोसला हातच लावू नये?

उत्तर ४ च्या लेखकाचा प्रतिसाद

फार समाधान वाटले. ती आवृत्ती अवश्य बसवावी. चिपमध्ये बायोसचे कोड नवे लिहिले गेले, परंतु एम्बेडेड कंट्रोलरचे फर्मवेअर अजून जुने असू शकते, कारण तो भाग अनेक यंत्रांत निर्मात्याच्या प्रोग्रॅमकडूनच लिहिला जातो. दोन्हींच्या आवृत्त्या जुळत नसल्या, तर पंखा विनाकारण फिरणे किंवा बॅटरी नीट न भरणे असे दोष नंतर दिसतात. बायोसच्या नव्या आवृत्त्यांमध्ये सुरक्षेच्या त्रुटींचे निराकरणही असते, म्हणून कायमचे दूर राहणे योग्य नाही.

आधी बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग पूर्ववत करावीत. मात्र साठवणुकीची पद्धत (एसएसडीशी यंत्र कोणत्या पद्धतीने बोलते ती सेटिंग) बदलत असेल, तर तेवढी पूर्वीप्रमाणेच ठेवावी, अन्यथा विंडोज सुरू होणार नाही. मग विंडोजमधून बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनचे, संरक्षण तात्पुरते थांबवावे. ते बंद करून डिस्क उलगडण्याची गरज नाही, ‘सस्पेंड’ हा पर्याय पुरेसा आहे आणि त्यामुळे पुढच्या सुरुवातीला रिकव्हरी की मागितली जात नाही. बाहेरची सर्व साधने काढून, शक्य असल्यास विंडोजमधून न करता बायोसच्याच पडद्यावरून, पेनड्राइव्हवरच्या फाइलीने अद्ययावत करावे. काम पूर्ण होऊन यंत्र एकदोनदा सुरू-बंद करून झाल्यावर बिटलॉकर पुन्हा चालू असल्याची खात्री करावी. तंत्रज्ञाने दिलेला डंप एसएसडीवर न ठेवता पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या एखाद्या संगणकावर ठेवावा.